'बरी आहे' लिहायचं नाही

बाई,

काल नर्सिंग स्कूलच्या दोन मुली घरी येऊन गेल्या. येत्या शनिवारी शाळेच्या सभागृहात तुमची तसबीर लावणार आहेत. तुमच्या हाताखाली शिकलेली आणि अजून आपल्या पायांनी जिना चढू शकणारी अशी मी एकटीच उरले आहे, म्हणून भाषण माझ्या गळ्यात पडलं. जाताना त्यातल्या एकीने रीतीप्रमाणे विचारलं, "तब्येत कशी आहे, मॅडम?" मी म्हणाले, "बरी आहे." म्हणाले आणि जीभ चावली. चाळीस वर्षं उलटली तरी हा शब्द तोंडातून निघाला की पाठीमागून तुमचा आवाज येतो, "बरी म्हणजे किती?" खरं तर गुडघे धड नाहीत, रक्तदाब वर चढलेला, झोप अर्धवट, पण एवढं सगळं दारात चपला घालत असलेल्या मुलींना कोण सांगत बसतं? तेव्हा बरी. त्या गेल्यावर मी हे लिहायला बसले.

मी तुमच्याकडे आले तेव्हा वीस वर्षांची होते. विधवा होऊन सात वर्षं झाली होती, आणि दादाने साऱ्या घराशी भांडून मला नर्सिंगला घातलं होतं. जुन्या नाशकातल्या आमच्या घरात त्या दिवशी चूल उशिराच पेटली. तुम्ही शरणपूरच्या ख्रिस्ती घरातल्या, सावळ्या, काटक, पांढऱ्या लुगड्याला खांद्यावर पिन लावलेली. आमच्या आधी जेमतेम दोन महिने तुम्ही मेट्रन होऊन आला होतात. आम्ही मुली तुमच्यापुढे थरथर कापायचो, आणि गंमत अशी की तुम्ही ओरडल्याचं मला एकदाही आठवत नाही. दर रविवारी चार वाजता तुमच्या खोलीत आम्हाला चहा असायचा. स्टोव्हवर तुम्ही स्वतः करायचात, आलं ठेचून. मी दर रविवारी म्हणायचे, "नको बाई, आत्ताच पाणी प्यायले." तुम्ही दर रविवारी विचारायचात आणि माझं 'नको' ऐकून कप पुढच्या मुलीला द्यायचात, चेहऱ्यावर काही न दाखवता. ख्रिस्ती घरचा चहा मला चालत नव्हता, हे तुम्हाला कळत नाही असा माझा समज होता. किती बावळट असावं माणसाने!

बायकांचा वॉर्ड लांबट होता आणि त्याच्या मागे पत्र्याचा व्हरांडा. त्या व्हरांड्यात पाच खाटा. महार, चांभार, भिल्ल, कातकरी, अशी कोणी बाई आली की तिची खाट मागे लागायची. तसा नियम कुठे लिहिलेला नव्हता. लिहायची गरजच नव्हती. डॉक्टर दारापर्यंत जायचे. आम्हीही दारात उभ्या राहूनच विचारायचो, "काय गं, कसं आहे?" मागून उत्तर यायचं, "बरं हाय, बाई." आणि खाटेला अडकवलेल्या तापाच्या तक्त्यावर आम्ही लिहायचो, 'बरी आहे'. वॉर्डात थर्मामीटर एकच. तो आतल्या एका बाईच्या तोंडातून काढायचा, जंतुनाशक लोशनच्या पेल्यात बुडवायचा, पुसायचा, की दुसरीच्या तोंडात. मागे न्यायचा प्रश्नच नव्हता. हे आम्हाला दवाखान्यात कुणी शिकवलं नव्हतं, आम्ही घरूनच शिकून आलो होतो.

एका दुपारी तुम्ही मागच्या काही वर्षांचे तक्ते कपाटातून काढून टेबलावर मांडलेत. आम्हाला वाटलं, रद्दी काढताय. तुम्ही आम्हा तिघींना बसवलंत आणि सांगितलंत, बाळंतपणानंतर ज्यांना ताप चढला त्यांचे तक्ते वेगळे काढा, आणि ताप पहिल्यांदा कोणत्या दिवशी लिहिलाय तेवढंच वाचून दाखवा. आम्ही वाचत गेलो. आतल्या बायकांचा ताप दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी सापडलेला. मागच्यांचा पाचव्या नाहीतर सहाव्या दिवशी, आणि त्याआधीच्या प्रत्येक रकान्यात एकच शब्द. बरी. बरी. बरी. मग एकदम एकशे चार. मग पुढचे रकाने कोरे. तुम्ही पेन्सिल खाली ठेवलीत आणि विचारलंत, "ह्या बायकांना ताप उशिरा येतो का गं?" आमच्यातली एक म्हणाली, "त्यांची अंगं काटक असतात ना, बाई." तुम्ही तिच्याकडे इतका वेळ पाहिलंत की ती रडकुंडीला आली. "ताप त्याच दिवशी येतो," तुम्ही म्हणालात. "आपण उशिरा जातो."

दुसऱ्या दिवसापासून 'बरी आहे' लिहायचं बंद झालं. "थर्मामीटरवर बरी कुठे कोरलंय ते आधी मला दाखवा आणि मग खुशाल लिहा," असं तुम्ही म्हणालात, आणि आम्ही हसायचं की नाही ते न कळून एकमेकींकडे पाहिलं. मग तुम्ही बसून समजावलंत. आपण पाहुण्याला विचारावं तसं दारातून विचारतो, म्हणून तीही पाहुण्यासारखं उत्तर देते. त्यात दुखतंय म्हटलं तर घालवून देतील ही भीती निराळीच. तेव्हा विचारायचं नाही, पाहायचं. खाटेजवळ जायचं, अंगाला हात लावायचा, आकडा वाचायचा. सतराच्या सतरा खाटांवर, सकाळ-संध्याकाळ, ह्याच थर्मामीटरने. त्या दिवसांत पंचवटीत देवळाच्या दाराशी सत्याग्रह चालू होता आणि सुट्टीच्या दिवशी घरी गेले की पानावर बसल्यापासून उठेपर्यंत तोच विषय. दवाखान्यात आपली मुलगी काय करते हे तिथे कळलं असतं, तर दुसऱ्या दिवशी माझी ट्रंक परत आली असती. परत येऊन करायचं काय, तर कोनाड्याजवळच्या पाटावर बसून वाती वळायच्या, मरेपर्यंत. मला त्याची जेवढी धास्ती होती तेवढी कशाचीच नव्हती.

नव्या नियमाची पहिली पाळी माझी आली. मागे सातपूरची एक बाई होती, बाळंत होऊन दुसरा दिवस. आज सातपूर म्हटलं की कारखाने आणि शिफ्टच्या बसगाड्या. तेव्हा ते खेडं होतं आणि ती बैलगाडीतून आली होती. आतल्यांचं आटोपून मी तिच्या खाटेजवळ जाते, थर्मामीटर पुढे करते, आणि ती तोंड मिटून घेते.

"बाई, ह्ये मी तोंडात घालू?"

"हो. जिभेखाली धर."

"आन मंग आतल्या बायांस्नी कसं देनार तुम्ही? त्यांना चालंल?"

"तू धर गं," मी म्हणाले. बाहेरून मी रागावले होते, आतून मला तेच वाटत होतं. अठ्ठ्याण्णव पॉइंट चार. मी लिहिलं. खरा आकडा होता तो, माझ्या डोळ्यांनी पाहिलेला. मग वॉर्डाच्या मागच्या छोट्या स्वयंपाकघरात गेले. शेगडीवर उपकरणं उकळायचं पातेलं खदखदत होतं, आणि मी थर्मामीटर त्यात सोडला. शुद्ध व्हावा म्हणून. क्षणभरात टिक् असा आवाज झाला. काच फुटली, पारा पाण्यात पसरला. उकळत्या पाण्यात थर्मामीटर फुटतो हे तुम्ही पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतंत आणि मी ते वहीत लिहूनही घेतलं होतं. हाताला त्या वेळी वही आठवली नाही.

घाईघाईने सांडत-लवंडत पातेलं ओतलं, काचा उकिरड्यात टाकल्या आणि कुणाला काही बोलले नाही. संध्याकाळी पुरुषांच्या वॉर्डातून त्यांचा थर्मामीटर मागून आणला, आतल्या बाराही जणींचा ताप पाहिला आणि व्हरांड्याच्या दाराशी येऊन थांबले. हा तर दुसऱ्या वॉर्डाचा. मागच्यांच्या तोंडात घालून परत कसा देऊ? मी दारातूनच विचारलं, "कसं आहे गं?" ती कुशीवर वळली होती, पाठ माझ्याकडे. "बरं हाय, बाई." मी तक्त्यावर सकाळचाच आकडा पुन्हा लिहिला. म्हणजे 'बरी'च लिहिलं, बाई, फक्त आकड्यात.

सकाळी तुम्ही फेरीला आलात, तिच्या कपाळावर हात ठेवलात आणि म्हणालात, "थर्मामीटर." मी पुरुषांच्या वॉर्डातला आणून दिला. एकशे तीन पॉइंट आठ. "आपला कुठाय?" मी म्हणाले, फुटला. "कसा?" स्वयंपाकघराच्या फरशीच्या फटीत पाऱ्याचे दोन थेंब चमकत होते, ते तुम्ही आधीच पाहिले होते, हे मला नंतर कळलं. मी म्हणाले, उकळला. तुम्ही मला बाजूला घेतलंत. आवाज नेहमीसारखाच. "आतल्या बाईच्या तोंडातून काढलास की लोशनमध्ये घालतेस ना? तेवढं पुरतं ना?" "हो, बाई." "मग हिच्या तोंडातला उकळायला का लागला?" मी खाली पाहत राहिले. तुम्ही उत्तराची वाट पाहत उभ्या होतात, अगदी खरोखरची वाट पाहत. आयुष्यात मी पुष्कळ बोलणी खाल्ली. ह्या एका प्रश्नाएवढं कशानेच लागलं नाही.

पुढचे नऊ दिवस तुम्ही काय केलंत ते मी डोळ्यांनी पाहिलं. तेव्हा आजच्यासारखी औषधं नव्हती. बाळंतपणाच्या तापातून बाई वाचली तर ती सेवेनेच. उशांची चळत लावून तिला अर्धवट बसती ठेवायची, दर दोन तासांनी अंग पुसायचं, चमच्याने पाणी, चमच्याने पेज, कपडा बदलला की हात कोपरापर्यंत धुवायचे. तुम्ही मेट्रन असून हे स्वतः केलंत आणि मला शेजारी उभं ठेवलंत. तिचं दूध आटलं. तिची तान्ही मुलगी भुकेने रडायची. आतल्या कोपऱ्यातल्या खाटेवर पडदा लावून मालेगावकडची एक विणकराची बायको होती, तीही नुकतीच बाळंत झालेली. तिने पडद्याआडून हाक मारली, "अवो नर्सबाई, इधर लाव तिला. माझं दूध सांडून चाल्लंय आन बच्ची तिथं उपाशी!" तुम्ही मूल नेऊन तिच्या मांडीवर दिलंत. आतल्या दोघीचौघी बायकांनी तोंडं फिरवली. ती म्हणाली, "बघू नका मग," आणि पदर ओढून घेतला. तुम्हाला हसू आलेलं मी पहिल्यांदा तेव्हा पाहिलं. दहाव्या दिवशी ताप उतरला. सातपूरची बाई वाचली, मुलगीही वाचली.

आणि त्याच आठवड्यात मोठ्या डॉक्टरांनी आपल्याला बोलावलं. माणूस वाईट नव्हता, थकलेला होता, आणि आतल्या बायकांच्या घरच्यांनी त्या थर्मामीटरवरून त्यांचं डोकं खाल्लं होतं. त्यांनी सातपूरच्या बाईचा तक्ता तुमच्यासमोर सरकवला. "मेट्रन, तुमच्या हट्टापायी एक थर्मामीटर फुटला, तक्रारी आल्या, आणि फायदा काय झाला? हे बघा, संध्याकाळी अठ्ठ्याण्णव पॉइंट चार. आकडा लिहूनसुद्धा ताप सापडला नाहीच ना? ह्या बायकांचं असंच असतं. ताप एकदम चढतो." तुम्ही तक्ता हातात घेतलात, नीट पाहिलात आणि माझ्याकडे वळलात. "संध्याकाळचा आकडा तू स्वतः पाहिलास?"

माझ्या एका 'नाही'ने तुमची सगळी बाजू तिथल्या तिथे सिद्ध झाली असती. ताप संध्याकाळी होता, फक्त कुणी जवळ गेलं नाही. तुम्ही तेच तर सांगत होतात. मला ते त्या क्षणीसुद्धा कळत होतं, मी मूर्ख नव्हते. पण डोळ्यांपुढे ती ट्रंक आली, तो पाट आला. मी म्हणाले, "हो, बाई."

डॉक्टरांनी हात पसरले. वॉर्डातला थर्मामीटर मागे न्यायचा नाही, मागच्यांसाठी वेगळा मंजूर होऊन येईल तेव्हा येईल, असं ठरलं. बाहेर आल्यावर तुम्ही मला म्हणालात, "जेवलीस का? जा, आधी जेवून घे." तुम्हाला कळलं होतं का, हे मला आजतागायत ठाऊक नाही.

मंजुरी काही आली नाही. तक्त्यांवर 'बरी' परत आलं. तुमच्याकडे सगळा दवाखाना, तुम्ही मागे किती वेळा जाणार? त्या पावसाळ्यात व्हरांड्यातल्या दोन बाळंतिणी गेल्या, एक पेठकडची, एक अगदी गावाजवळची. दोघींचे तक्ते मी पाहिले. शेवटच्या दिवसापर्यंत बरी. त्या दोघींना मी मारलं असं म्हणणं नाटकी होईल आणि तुम्हाला नाटकीपणा खपत नसे. पण त्यांच्या मरणात माझा 'हो' होता. हे मी कधी कुणाजवळ बोलले नाही, ते इथे लिहिते आहे.

त्यानंतर तुम्ही मुंबईहून स्वतःसाठी म्हणून थर्मामीटर मागवलात आणि एक वही घातलीत. पानावर दोन रकाने. डावीकडे बाई काय म्हणाली, उजवीकडे थर्मामीटर काय म्हणाला. आणि ह्या कामाला सोबत म्हणून निवडलंत मला, साऱ्या मुलींमधून मला! रोज सकाळी सहाला आपण दोघी मागे जायचो. मी आकडा वाचायचा, मग तुम्ही तोच थर्मामीटर हातात घेऊन पुन्हा वाचायचात. पहिले काही दिवस माझे कान लाल व्हायचे. वाटायचं, हा माझ्यावरचा अविश्वास आहे आणि तो मी कमावला आहे. मग एक दिवस तुम्ही आधी वाचलात आणि थर्मामीटर माझ्या हातात दिलात. "काय बघतेस? माझाही तपासायचा. एकटीच्या डोळ्यांवर कुणी विसंबायचं नाही, माझ्यासुद्धा." मी तपासला. तुमच्यापेक्षा पॉइंट दोन कमी आला, आणि तुम्ही स्वतःचा खोडून माझा लिहिलात. रविवारचा चहा मी नेमकी कधीपासून घ्यायला लागले ते आठवत नाही, पण त्याच सुमारास असणार.

मोठे डॉक्टर बदलून गेले, दुसरे आले. तुम्ही वही त्यांच्यापुढे ठेवलीत. ते मोठ्याने वाचत गेले. "बरं हाय, एकशे दोन. बरं हाय, एकशे एक पॉइंट सहा. बरं हाय, फकस्त थंडी वाजतीया, एकशे चार." त्यांनी चष्मा काढला. "तुमच्या नर्सेस मग इतके दिवस खोटं लिहीत होत्या?" मी तुमच्या मागेच उभी होते. तुम्ही म्हणालात, "नाही, साहेब. माझ्या मुली खोटं लिहीत नाहीत. दारातून जेवढं दिसतं तेवढं लिहितात. त्यांना दाराच्या आत जाऊ द्या." महिन्याभरात व्हरांडा रिकामा झाला. जी आधी येईल तिला आधी खाट, कोणीही असो. काही घरच्यांनी आपल्या बायका उचलून नेल्या. तुम्ही अडवलं नाहीत, औषध बांधून दिलंत, आणि त्यातल्या बऱ्याच आठ-दहा दिवसांत गुमान परत आल्या.

पुढे मीही मेट्रन झाले. मुली माझ्याही पुढे कापायच्या, पण मला ओरडावं लागायचं, हा फरक राहिलाच. तुमच्यासारखं उत्तराची वाट पाहत उभं राहणं मला कधी जमलं नाही. एवढ्या साध्या गोष्टीत, दोन रकान्यांत, तुम्ही काय पकडलं होतंत ते मला पुरतं समजायला निम्मी नोकरी गेली. तुमच्याएवढं मोठं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. हे तोंडावर सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, "मोठं म्हणजे किती?"

तीस वर्षं मी प्रत्येक तुकडीला थर्मामीटर उकळणाऱ्या मुलीची गोष्ट सांगत आले. मुलींना फार आवडते. भाषणातही तीच घेतली आहे, आणि भाषण टायपिंगला गेलंसुद्धा. त्या गोष्टीतली मुलगी माझ्या वर्गातली दुसरीच कोणी असते, बाई. आणि डॉक्टरांच्या खोलीत तुम्ही तिला विचारता, तेव्हा ती मान वर करून म्हणते, "नाही, मी पाहिला नव्हता."